किरकोळ मासे

त्या बाईचं आणि माझं कधीच जमलं नाही, आणि जमायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी आमची दिलजमाई होईल अशी आशा धरून कोणी वाचायला नको.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मासळीच्या सरकारी खात्यात मला नोकरी लागली आणि नेमणूक मध्य प्रदेशातल्या सौंसरला मिळाली. आमचं घर पांढुर्ण्याचं, बौद्ध वस्तीतलं. बाप लोकांच्या वावरात राबून गेला. घरात सरकारी शिक्का हातात धरणारा मी पहिलाच, त्यामुळे अंगात भलतीच मिजास आली होती. कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं आणि काखेत ट्रेनिंगमध्ये मिळालेला माशांचा रंगीत तक्ता. तक्त्यावर सहा मासे होते: रोहू, कतला, मृगल आणि तीन बाहेरदेशचे. जगात मासे म्हणून जे काही आहेत ते हे सहाच, अशा थाटात मी तो तक्ता घेऊन हिंडायचो.

तसे मासे मी लहानपणापासून खाल्लेले. पांढुर्ण्याला जाम नदीत आम्ही पोरं जुनं लुगडं दोन्हीकडून ताणून पाण्यातून ओढायचो आणि सापडेल ते घरी न्यायचो. आई ते राखेत घोळून साफ करायची. पण त्यातला कोणता मासा कोणता, हे विचारायची आमच्यात रीतच नव्हती. सगळ्यांना मिळून चिल्लर म्हणायचं आणि भाकरीशी खायचं.

सौंसरपासून सायकलीनं तासाभराच्या वाटेवर एक गावतलाव होता. पावसाळ्यात तो भरून वाहायचा आणि सांडव्याचं पाणी नाल्यातून कन्हान नदीला मिळायचं. त्याच वाटेनं नदीतले मासे पाणी चढून तलावात यायचे. आमच्या मोठ्या साहेबांना या तलावात रोहू-कतला सोडायचे होते. गावातल्या पुरुषांची मच्छीमार सोसायटी तयार होती, कागद वरपर्यंत गेले होते. मधे एकच टप्पा राहिला होता. तलावात आधीपासून कोणते मासे आहेत, त्याची यादी करून द्यायची. त्यासाठी एक छापील फॉर्म होता. त्यात दोन रकाने, एक उपयोगी माशांचा, दुसरा अनुपयोगी माशांचा. यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

तलावावर जाऊन जाळी टाकायचा मला कंटाळा होता. मी सोपा मार्ग काढला. त्या तलावातले मासे सौंसरच्या आठवडी बाजारात मासे धरणाऱ्या ढिवर समाजातली एक बाई विकायला आणायची. पन्नाशीची, काटकुळी, नवरा मेलेली. पुढ्यात दोन टोपल्या आणि ओलं पोतं. सौंसरला माझ्या खोलीवर आईही राहायला आली होती आणि दर बाजारी तिच्याकडूनच मासे घ्यायची. म्हटलं, टोपलीतच पाहून घेऊ आणि लिहून मोकळं होऊ.

भर बाजारात मी तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि टोपलीतलं एक लांबट पिल्लू चिमटीत धरून ऐटीत म्हणालो, "हे रोहूचं बच्चं दिसतंय."

बाईनं माझ्या चिमटीतलं पिल्लू काढून टोपलीत टाकलं. मग शेजारच्या भाजीवालीला हाक मारून म्हणाली, "ऐकलं का वो? सरकारचा मानूस आला आन् चिलव्याले रोहू म्हून राहिला!"

चिलवा म्हणजे जन्मभर बोटाएवढाच राहणारा मासा. दोन्ही बाजूंच्या दुकानांतले लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "बाई, नीट बोला. सरकारी काम आहे."

"त मंग करा ना नीट," ती म्हणाली. "थ्या दुसऱ्या टोपलीत पाहा. त्यात लय परकारचे आहे."

दुसऱ्या टोपलीत तळाशी थोडं पाणी होतं आणि काळपट मासे वळवळत होते. मी सदऱ्याची बाही वर केली आणि उजवा हात सरळ आत घातला. पुढच्याच क्षणी कोणी तापलेली सुई मनगटापर्यंत खुपसावी तशी कळ आली. मी ओरडलो. शिंगी होती ती. तिच्या कल्ल्यांमागे दोन बाजूंना दोन काटे असतात आणि त्यांना विष असतं, हे आमच्या तक्त्यावर कुठेच नव्हतं. त्या बाईला ते पुरतं ठाऊक होतं. माझा हात टोपलीत जाताना ती शांतपणे पाहत होती. तोंडातून एक शब्द काढला असता तर मी वाचलो असतो. तिनं काढला नाही.

घरी गेलो तर आईनं हात कढत पाण्यात धरला आणि वरून माझीच खरडपट्टी काढली. "कोनाच्या टोपलीत न इचारता हात घालतेत का रे? आन् तिले रोहू सांगाले कायले गेला होता तू? तिची हयात गेली त्या पान्यात."

"तू तिच्या बाजूनं बोलून राहिली?"

"मी माशाच्या बाजूनं बोलून राहिली," आई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

हात दोन दिवस सुजलेला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाई आमच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मला वाटलं, विचारपूस करायला आली असेल. कसली विचारपूस! हाताकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"साहेब, तलाव साफ करून राहिले म्हंते तुमी लोक. खरं काय?"

साफ करणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. रोहू-कतलाचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडण्याआधी तलावातले जुने मासे मारून टाकायचे, अशी आमच्या खात्याची पद्धत होती. जुने मासे नव्या बीजाला खातात, नाहीतर त्याचा चारा खातात. म्हणून मे महिन्यात पाणी उतरलं की मोहाची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, भिजवून तलावात कालवायची. काही तासांत सगळे मासे वर येतात आणि मरतात. माणसांनी ते खाल्ले तरी चालतं, जनावरांनी ते पाणी प्यायलं नाही म्हणजे झालं. पुढे तीच ढेप कुजून पाण्याला खत होते. पद्धत पुस्तकात होती आणि पुस्तकावर माझा फार विश्वास होता.

"हो, खरं आहे," मी म्हणालो.

"मंग आमी काय खावं?"

"सोसायटी आहे ना. रोहू मोठे झाले की विकतील."

"सोसायटीत बाया नाई घेतल्या. माह्या बुढा मेला तशी त्याच्या नावावर लकीर मारली त्यायनं. रोहू त्यायचे. माह्यं ते बारकं. होळीपासून मिरगापावतर माह्या घरची चूल त्याच्यावर जळते. माह्या सासूचीबी जळे." मग तिचा आवाज जरा खाली आला. विनवणी म्हणता येईल असं जे काही तिच्याकडून मी ऐकलं ते एवढंच. "तुमच्या कागदात काय काय आहे ते लिवता म्हने. चला तलावावर. मी एकेक धरून दाखोतो, एकेकाचं नाव सांगतो. बसून लिवा. कामाचे आहे म्हून लिवलं त तुमचा साहेब मारनार नाई."

यात तथ्य होतं. साहेबांनीच एकदा सांगितलं होतं की मरळ आणि मांगूर भरपूर असलेले एक-दोन तलाव तसेच ठेवा, त्यांना भाव येतो. फॉर्मच्या पहिल्या रकान्यात चार नावं पडली असती, तर त्या तलावाचा विचार निदान पुढच्या वर्षावर गेला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. नकळत झालं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

पण माझा हात ठणकत होता. बाजारातलं हसू कानातून जात नव्हतं. मी म्हणालो, "बाई, आता गरज पडली तेव्हा नावं सांगायला निघालात. त्या दिवशी तोंड शिवलं होतं का?"

ती ताठ झाली. "तुले काटा लागला म्हून माह्या पोटावर पाय देतं काय रे?"

साहेबावरून ती सरळ एकेरीवर आली. मी दार लावून घेतलं.

आई आतून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "जाशीन ना तू तलावावर?" मी पेटीवर फॉर्म ठेवला आणि सुजलेल्या बोटांत पेन धरून तो भरला. उपयोगी माशांच्या रकान्यात लिहिलं, निरंक. अनुपयोगी माशांच्या रकान्यात खालपर्यंत आखलेल्या ओळी होत्या. मी त्यावर आडवा एकच शब्द लिहिला, किरकोळ. आणि खाली सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं होतं, पण वाचता येत होतं.

मे महिन्यात एका सकाळी ढेप टाकली. आदल्या दिवशी ड्रमांमध्ये भिजत घातली होती, तिचा उग्र वास सगळ्या काठावर पसरला होता. सोसायटीची माणसं घमेल्यांनी ती पाण्यात फेकत होती. पाणी कमरेएवढंच उरलं होतं. साहेब जीपजवळ छत्री धरून उभे होते. गावातले लोक टोपल्या, घमेली, बादल्या घेऊन काठावर जमले होते, कारण मासे फुकट मिळणार होते. ती बाईही आली होती. हातात काही नव्हतं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एका दगडावर बसून राहिली.

अर्ध्या तासात पाणी हलायला लागलं. आधी बारके वर आले, तोंडं उघडून गोल गोल फिरायला लागले. मग लोक पाण्यात घुसले आणि आरडाओरडा सुरू झाला. मी काठाकाठानं फिरत होतो. काम असं काहीच नव्हतं. सहज म्हणून मी एक मासा उचलून ओल्या पोत्यावर ठेवला. शेजारी दुसरा ठेवला. मग लक्षात आलं की दोन्ही निराळे आहेत. एकाच्या अंगावर शेपटीपाशी काळा ठिपका, दुसऱ्याच्या दोन ठिपके आणि पंखांना केशरी कड. मग तिसरा दिसला, काचेसारखा, आरपार दिसणारा, आतले काटेसुद्धा मोजता यावेत असा. एकाचं तोंड सुईसारखं लांब आणि दातेरी. एक पट्ट्यापट्ट्यांचा, मरता मरता चिखलात घुसायला पाहणारा. एक चपटा, धारदार पोटाचा. एकाला मिशा, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्यालाही मिशा, पण त्याचा रंग पिवळा आणि पाठीवरचा काटा करवतीसारखा. मी वेड्यासारखा पळायला लागलो. लोकांच्या टोपल्यांत डोकावून, "हा द्या, हा एक द्या," म्हणून मागायला लागलो. लोक हसत होते. मला फरक पडत नव्हता. इतक्या तऱ्हा मी आयुष्यात कधी निरखल्या नव्हत्या, आणि त्या माझ्यासमोर दर मिनिटाला कमी होत होत्या.

सगळ्यात शेवटी वर आले ते पाण्याबाहेरची हवा घेऊन जगणारे. मरळ, मांगूर, शिंगी. ते चिवट, दुपारपर्यंत झुंजत राहिले. एका मरळीनं बराच वेळ पिलांचा घोळका जवळ धरून ठेवला होता. पिलं उलटी झाली तरी ती तिथून हलेना, मग एकानं तिला काठीनं मारलं.

पोत्यावर मी मोजले. एकवीस तऱ्हेचे निघाले. मला स्वतःला नावानिशी ओळखू येत होते पाच.

तेवढ्यात साहेबांनी सोसायटीच्या अध्यक्षाला कागद वाचून दाखवला, पंचनाम्यावर त्याची सही हवी होती म्हणून. माझा मराठी शब्दही हिंदी उच्चारात, मोठ्यानं. "उपयोगी, निरंक. अनुपयोगी, किरकोळ." मग समाधानानं म्हणाले, "कचरा मछली थी, साफ हो गई."

बाई दगडावरून उठली आणि माझ्या पोत्यापाशी आली. त्या एकवीस माशांकडे तिनं डावीकडून उजवीकडे नीट पाहिलं.

"किरकोळ लिवलं काय तुनं?"

मी म्हणालो, "नदीतून पुन्हा येतील. पाऊस पडला की सांडव्यानं चढतात ना."

हे मी मनापासून म्हणालो होतो. मला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याच वाटण्याच्या जोरावर मी तोवर स्वतःला माफ करत आलो होतो. तिनं सांडव्याकडे हात केला. तिथे सोसायटीचे दोन गडी लोखंडी चौकटीला बारीक जाळी ठोकत होते. रोहूचं बीज वाहून जाऊ नये आणि नदीतलं काही वर चढू नये म्हणून. ती चौकट मागवण्याच्या अर्जावरही माझीच सही होती. तलाव आणि नदी यांचा संबंध तुटेल, हे मी त्या अर्जात वाचलं होतं आणि ते मला चांगलं वाटलं होतं; या दोन गोष्टी मी डोक्यात कधी शेजारी ठेवल्याच नव्हत्या.

"तुह्या हात सडाले पायजे होता," ती म्हणाली. सगळ्यांच्या देखत, न ओरडता. मग घरी निघून गेली. एक मासासुद्धा तिनं उचलला नाही.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या फुगवलेल्या पिशव्यांतून बीज आलं. पुढच्या हिवाळ्यापासून रोहू-कतला निघायला लागले, बर्फात भरून नागपूरला जायला लागले. साहेबांची पाठ थोपटली गेली, त्यांनी माझी थोपटली. बाजारातली ती जागा एका चपलावाल्यानं घेतली. आईला मी एकदा मोठ्या हौसेनं रोहूचे तुकडे आणून दिले. तिनं ते शिजवले, मला वाढले आणि स्वतः लोणच्याशी भाकरी खाल्ली. बाजाराच्या दिवशी ती माझ्याशी फारशी बोलायची नाही. मीही चिडून असायचो. आपल्याच घरात आपल्याला गुन्हेगारासारखं वागवलं जातं म्हणून मी तिच्यावर ओरडलोही आहे.

त्या एकवीस माशांना मी फॉर्मलिनमध्ये घालून ठेवलं होतं, औषधांच्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बाटल्यांत. का ठेवलं, ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्यांचा रंग उडाला, सगळे एकसारखे फिकट पिवळे पडले. तरी मी त्या बाटल्या खोलीतल्या फळीवर ओळीनं लावल्या होत्या. कधीकधी एखादी हातात घेऊन बसायचो. शास्त्रातली नावं एका जाड पुस्तकात शोधून पाहिली. निम्म्यांची जुळली, निम्म्यांची जुळली नाहीत. पण लोक त्यांना काय म्हणत, कोणता कोणत्या महिन्यात चढतो, कोणता आजाऱ्याला देतात, कोणता बाळंतिणीला देत नाहीत, हे त्या पुस्तकात नव्हतं.

मग एक दिवस वरून पत्र आलं. जुन्या स्थानिक माशांची यादी पाठवा, लोकांच्या बोलीतल्या नावांसह. खात्याला अचानक उमाळा आला होता. साहेबांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला. तिच्याकडे जायला कारण मिळालं. माफी मागायला मी गेलो असतो का? नाही. मला नावं हवी होती.

ती तेव्हा सौंसरच्या बाहेर एका संत्र्याच्या बगिच्यात मजुरीला होती. दिवाळीच्या सुमाराच्या आंबिया बहाराची तोड चालली होती. झाडाखाली बायकांची रांग बसली होती आणि ढिगातली फळं आकारानुसार निवडून लाकडी पेट्यांत भरत होती. मी पिशवीतून बाटल्या काढून गवतावर मांडल्या. बाकीच्या बाया कुतूहलानं वाकल्या. तिनं हातातलं काम संपवलं, पदराला हात पुसले आणि आली.

मी म्हणालो, "मावशी." आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. "यांची नावं पाहिजेत."

तिनं पहिली बाटली उचलून उजेडात धरली. मग दुसरी. एकेक करून एकवीसही पाहिल्या, घाई न करता. तो आरपार दिसणारा मासा आता पांढरा पडला होता, तरी तिनं तो ओळखला हे मला कळलं, कारण तिचे ओठ हलले. एका बाटलीपाशी ती बराच वेळ थांबली. अंगठ्यानं काच पुसली, बाटली तिरपी करून त्याचं पोट पाहिलं. मी पेन काढून तयार होतो.

बाटली खाली ठेवून ती म्हणाली, "हे मासे आमच्या तलावातले नाई."

"अहो, असं कसं? तुमच्या देखत उचललेत मी. त्या पोत्यावर तुम्ही पाहिलेत."

"तुमच्या कागदात होते काय?"

मी पेनाचं टोपण लावायला लागलो. तिनं पुन्हा विचारलं, तितक्याच शांतपणे. "कागदात होते काय, साहेब?"

"नव्हते."

"मंग नसनच," ती म्हणाली, आणि जाऊन आपल्या जागेवर बसली.

मी बाटल्या पिशवीत भरल्या. तिनं वर पाहिलं नाही. यादीत पाच नावं लिहिली, बाकीच्या सोळा ओळी कोऱ्या ठेवून पाठवून दिली. कोणी परत विचारलंही नाही. पुढे माझी बदली झाली आणि ती बाई गेल्याचं मला फार उशिरा, पांढुर्ण्याच्या स्टँडवर कोणाकडून तरी कळलं. तिनं ती नावं कोणाला सांगितली होती का, म्हणून मी त्या गावात जाऊन विचारून आलो. तरुण पोरं म्हणाली, रोहू आणि कतला सोडून इथे कधी काही नव्हतंच.

तिचा मला आजही राग येतो. सगळी नावं तिच्या ओठांवर आली होती आणि तिनं ती गिळली. ती माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलली. पण ते खोटं तिनं माझ्याच अक्षरातून उचललं होतं.